शूटिंगवाल्याचा कॅमेरा : किंमत, चित्रदर्जा आणि लग्नाची कॅसेट

परवडणारा आणि तरीही चांगले चित्र देणारा व्हिडिओ कॅमेरा कोणता, या प्रश्नाचे उत्तर जपान-अमेरिकेत आणि महाराष्ट्रात सारखे मिळाले नाही, कारण तो प्रश्न विचारणारी माणसेच दोन्हीकडे वेगळी होती. कॅमेरा आणि ध्वनिचित्रमुद्रण करणारे यंत्र एकाच पेटीत बसवलेले उपकरण म्हणजे कॅमकॉर्डर. जपानी कंपन्यांनी ते प्रामुख्याने मुलांचे वाढदिवस आणि सुटीतल्या सहली टिपून ठेवणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबासाठी घडवले. महाराष्ट्रात मात्र १९८०च्या आणि १९९०च्या दशकांत त्याचे मुख्य गिऱ्हाईक ठरला तो तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवणारा आणि लग्नसराईत ‘व्हिडिओ शूटिंग’च्या सुपाऱ्या घेणारा व्यावसायिक. कुटुंबाने घेतलेला कॅमेरा वर्षातून चार-सहा वेळा कपाटाबाहेर निघतो, तर शूटिंगवाल्याने कर्ज काढून घेतलेल्या कॅमेऱ्याने एक-दोन हंगामांत आपली किंमत वसूल करून द्यावी लागते. म्हणून येथे कॅमेऱ्याची पारख ही हौसेची बाब न राहता धंद्याच्या हिशेबाची बाब झाली.

खासगी माणसाने हलत्या चित्रांचा कॅमेरा विकत घेण्याची परंपरा मुंबईत जुनी आहे. जुलै १८९६मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचे खेळ पाहिल्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या छायाचित्रकाराने इंग्लंडमधील रायली ब्रदर्स या पेढीकडून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्ती त्यावर टिपली. परंतु त्या कॅमेऱ्यापासून पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या हौशी चित्रीकरणाची खरी अडचण यंत्राच्या किमतीची नव्हती, ती फिल्मच्या किमतीची होती. ईस्टमन कोडॅकने १९२३मध्ये १६ मिलिमीटरची, १९३२मध्ये ८ मिलिमीटरची आणि १९६५मध्ये ‘सुपर ८’ ही आणखी सुटसुटीत फिल्म बाजारात आणली, तरी सुपर ८च्या ५० फुटी डबीत जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे चित्रण मावत असे, ते प्रयोगशाळेत धुऊन यावे लागे आणि वाया गेलेला तुकडा कायमचा वाया जाई. चुंबकीय फितीने हे गणित बदलले. फीत पुसून पुन्हा वापरता येते आणि टिपलेले चित्र लगेच पाहता येते, या दोन गुणांपुढे आरंभीच्या व्हिडिओचे फिल्मच्या तुलनेने गरीब दिसणारे चित्र लोकांनी चालवून घेतले. दर्जाशी केलेली ही पहिली तडजोड होती, आणि ती शेवटची ठरली नाही.

फितीवर चित्र नोंदवणारे पहिले व्यवहार्य यंत्र अमेरिकेतील अ‍ॅम्पेक्स कंपनीने १९५६मध्ये दाखवले. त्याची फीत दोन इंच रुंद होती आणि सुमारे ५० हजार डॉलर ही त्याची किंमत केवळ दूरचित्रवाणी कंपन्यांना झेपणारी होती. सोनीने १९६७मध्ये आणलेला ‘पोर्टापॅक’ एकट्या माणसाला वाहून नेता येई, पण त्याचे चित्र कृष्णधवल होते, कॅमेरा हातात आणि मुद्रणयंत्र खांद्याला लटकवलेले असे आणि टिपलेले पाहण्यासाठी वेगळे यंत्र लागे. पुढे कॅसेट आली: १९७१मध्ये यू-मॅटिक, १९७५मध्ये सोनीची बीटामॅक्स आणि १९७६मध्ये जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस.

या सर्व घरगुती पद्धतींचे मर्म तिरप्या नोंदणीत होते. चित्राच्या संकेतात ध्वनीपेक्षा कितीतरी अधिक माहिती असल्यामुळे फीत साध्या टेपरेकॉर्डरप्रमाणे ‘हेड’समोरून, म्हणजे नोंद करणाऱ्या चुंबकीय टोकासमोरून, नुसती सरकवून भागत नाही, म्हणून हेड एका फिरत्या ढोलात बसवून त्या ढोलाभोवती फीत तिरपी गुंडाळली जाते आणि प्रत्येक फेरीत हेड फितीवर एकेक तिरपी रेघ ओढत जाते. भारतात तेव्हा चालणाऱ्या पाल या दूरचित्रवाणी-पद्धतीच्या व्हीएचएस यंत्रात फीत सेकंदाला अडीच सेंटिमीटरही पुढे सरकत नाही, मात्र ६२ मिलिमीटर व्यासाचा ढोल सेकंदाला २५ वेळा फिरत असल्याने हेड आणि फीत यांचा परस्परवेग सेकंदाला जवळजवळ पाच मीटर होतो. हा ढोल म्हणजे व्हिडिओयंत्राचा सर्वांत महाग, सर्वांत नाजूक आणि झिजणारा भाग होय. कॅमेरा लहान आणि स्वस्त करायचा तर या ढोलाचे काय करायचे, हाच १९८०च्या दशकातील अभियंत्यांपुढचा पेच होता.

सोनीने मे १९८३मध्ये आणलेल्या ‘बीटामूव्ही’ या पहिल्या घरगुती कॅमकॉर्डरात ढोल लहान केला, पण त्यामुळे संकेताची रचना अशी बदलावी लागली की त्या कॅमेऱ्यात टिपलेले चित्र त्याच कॅमेऱ्यात पाहता येईना. कॅसेट काढून घरच्या बीटामॅक्स यंत्रात घालावी तेव्हा कुठे काय टिपले गेले ते कळे. जेव्हीसीने १९८४च्या ‘जीआर-सी १’मध्ये अधिक चतुर तोड काढली: ढोल ४१ मिलिमीटरचा करून त्यावर दोनऐवजी चार हेड बसवले, ढोलाचा वेग वाढवला आणि फीत त्याभोवती अधिक गुंडाळली, ज्यामुळे फितीवरच्या रेघा मोठ्या ढोलाने ओढलेल्या रेघांशी तंतोतंत जुळल्या. त्याची व्हीएचएस-सी ही लहान कॅसेट एका सांगाड्यात बसवली की साध्या व्हीसीआरमध्ये, म्हणजे घरच्या कॅसेट-मुद्रणयंत्रात, चाले. वेळ मात्र अर्ध्या तासाचा. त्याच सुमारास आठ मिलिमीटर फितीचा नवा दंडक ठरला आणि सोनीने १९८५पासून त्यावर ‘हॅण्डीकॅम’ ही मालिका उभी केली. चित्र टिपणाऱ्या काचेच्या नळीची जागा सीसीडीने, म्हणजे प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणाऱ्या असंख्य सूक्ष्म बिंदूंच्या सिलिकॉन चकतीने घेतली. १९८९चा ‘टीआर ५५’ हा हॅण्डीकॅम ७९० ग्रॅमचा होता आणि त्याची जाहिरात पासपोर्टएवढा कॅमेरा अशी झाली.

हा तळहातावरचा कॅमेरा जपानी कुटुंबाला भावला. महाराष्ट्रातील धंद्याने त्याला फारसे जवळ केले नाही. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले होते, पण रंगीत प्रक्षेपण आले १९८२मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, आणि त्यापाठोपाठ व्हीसीआर व नुसती कॅसेट दाखवणारे व्हीसीपी भाड्याने देणारी दुकाने शहरांतून गावोगावी पसरली. आयातकर जबर असल्याने यंत्रे येत ती बरीचशी आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून, नाहीतर मुंबईच्या मनीष मार्केट आणि हिरा पन्नासारख्या बाजारांतून, जेथे पावती आणि हमी यांची अपेक्षा कोणी ठेवत नसे. अशा बाजारात कॅमेरा निवडताना पहिला निकष दुरुस्तीचा होता: हेड कोठे मिळेल, ते बदलून देणारा कारागीर जिल्ह्याच्या ठिकाणी आहे का, आणि भाड्याच्या व्हीसीआरमध्ये ही कॅसेट थेट चालेल का. या तिन्ही कसोट्यांवर पूर्ण आकाराच्या व्हीएचएस कॅसेटचा, खांद्यावर घ्यायचा कॅमेरा सरस ठरे. तीन तासांची ई-१८० कॅसेट त्यात बसे, आणि हळद ते पाठवणी एवढा पल्ला कॅसेट वारंवार न बदलता गाठता येई. पॅनासॉनिकचे एम ३५०० आणि एम ९०००सारखे खांद्यावरचे कॅमेरे या धंद्यात घरोघरी माहीत झाले. मांडवात अशा कॅमेऱ्याचा रुबाब पडे हेही खरे, आणि पैसे मोजणाऱ्या वधुपित्याच्या लेखी तो रुबाब हा दर्जाचाच भाग होता.

चित्रदर्जाची परीक्षा मांडवाइतकी कठोर दुसरीकडे क्वचितच होत असेल. गोरज मुहूर्तावरचे लग्न म्हणजे मावळता उजेड, त्यात मांडवातले पिवळे दिवे, मधूनच एखादी ट्यूबलाइट आणि ग्रामीण भागात वीज जाण्याची टांगती तलवार. कॅमेऱ्याला किती कमी उजेड पुरतो हे ‘लक्स’ या एककात सांगतात. एका मेणबत्तीचा प्रकाश एक मीटर अंतरावर पडतो तेवढा म्हणजे साधारण एक लक्स. परंतु खोक्यावर छापलेला लक्सचा आकडा हा चित्र दिसू लागण्याचा आकडा असे, ते चांगले दिसण्याचा नव्हे. उजेड कमी पडला की कॅमेरा आपला दुबळा संकेत आतल्या आत वाढवतो आणि त्याबरोबर विद्युत-गोंगाटही वाढत असल्याने चित्रावर दाणे उसळतात. त्यावर उपाय म्हणजे ‘सनगन’, म्हणजे हॅलोजनचा हातात धरायचा झगझगीत दिवा, आणि तो घेऊन कॅमेऱ्याच्या मागेमागे फिरणारा लाइटवाला पोरगा. आज त्या काळच्या कॅसेटींत वधूवर डोळे किलकिले करून उभे दिसतात आणि त्यांच्या मागचा सगळा मांडव काळोखात बुडालेला दिसतो, त्याचे कारण कॅमेऱ्याची ही मर्यादा आहे.

दुसरी मर्यादा रंगाची. व्हीएचएसवर चित्राचा तपशील आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांपर्यंतच नोंदला जातो आणि रंगासाठी तर त्याहून पुष्कळ अरुंद वाट ठेवलेली असते. डोळ्याला उजेड-सावलीचा फरक जितका नेमका कळतो तितका रंगाचा कळत नाही, या जाणिवेवर ती काटकसर बेतलेली होती. तिचा फटका गडद लाल रंगाला सर्वाधिक बसे. लाल शालूची कड शेजारच्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओघळलेली दिसे आणि कपाळावरचा मळवट भुवयांपर्यंत पसरे. कॅसेटची प्रत काढताना हे दोष वाढत जात, आणि प्रत काढणे टाळता येण्याजोगे नव्हते. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट ही पहिली पिढी. दोन व्हीसीआर जोडून नको ते गाळणे, नावे घालणे, पानाफुलांच्या आणि बदामाच्या आकाराच्या चौकटी आणणे, पार्श्वभूमीला चित्रपटगीते लावणे या ‘मिक्सिंग’ नावाच्या सोपस्कारात तयार होई ती दुसरी. आणि मामा-मावशांसाठी काढलेल्या प्रती तिसऱ्या. गिऱ्हाइकाच्या हाती पडे ते कॅमेऱ्याने टिपलेले चित्र नसे, त्याचे नातवंड असे. त्यामुळे १९८७ची एस-व्हीएचएस आणि १९८९ची हाय-८ या सुमारे ४०० रेषांच्या सुधारित पद्धतींचा येथे म्हणावा तसा उपयोग झाला नाही. मूळ चित्र सुधारले तरी शेवटी ते साध्या व्हीएचएसवरच उतरणार होते. हा हिशेब शूटिंगवाल्यांना पक्का ठाऊक होता, आणि महागड्या कॅमेऱ्याकडे त्यांनी फिरवलेली पाठ ही अज्ञानातून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल.

याच लग्नाच्या कॅमेऱ्याने नाशिक जिल्ह्यातील मालेगावात वेगळा इतिहास घडवला. यंत्रमागांच्या या गावी शुक्रवारी माग बंद असतात आणि त्या दिवशी कामगारांची गर्दी चित्रपटगृहांकडे आणि व्हिडिओ पार्लरकडे वळते. असे एक पार्लर चालवणारे शेख नासिर यांनी दोन व्हीसीआर जोडून संकलनाचे तंत्र आत्मसात केले आणि २०००च्या सुमारास लग्नसमारंभाचे चित्रण करणारा कॅमेरा घेऊन ‘मालेगाव के शोले’ हे विडंबन केले. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर येतात. कॅमेरा सरकवण्यासाठी सायकल आणि वर उचलण्यासाठी बैलगाडी वापरली गेली. सारा खर्च पन्नास हजार रुपयांच्या घरात होता असे सांगितले जाते. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात नासिर यांच्या पुढच्या चित्रपटाची निर्मिती दिसते, आणि त्यात कॅमेरा पाण्यात पडल्यावर सगळे चित्रीकरण कसे ठप्प होते हेही दिसते. सबंध निर्मितीसंस्थेची मालमत्ता म्हणजे एक कॅमेरा, अशी ती स्थिती होती. त्या चित्रांचा तांत्रिक दर्जा हिंदी चित्रपटाच्या जवळपासही नव्हता, पण प्रेक्षकाला आपली गल्ली, आपली बोली आणि ओळखीचे चेहरे पडद्यावर दिसत होते. खानदेशातील अहिराणी विनोदी चित्रे आणि गोव्यातील तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराच्या व्हीसीडी, म्हणजे चित्रणाच्या तबकड्या, यांचा प्रसारही अशाच स्वस्त चित्रणाच्या आधाराने झाला.

प्रतींच्या पिढ्यांचा प्रश्न सुटला तो १९९५मध्ये आलेल्या डीव्ही या अंकीय पद्धतीने. तिच्यात चित्र चढउताराच्या लहरीऐवजी आकड्यांच्या रूपाने नोंदले जाते. चौथाई इंच रुंदीच्या फितीवर सेकंदाला अडीच कोटी ‘बिट’ या दराने, ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे. आकडे जसेच्या तसे उतरवता येत असल्यामुळे दहावी प्रतही पहिलीसारखीच राहते. सोनीच्या ‘व्हीएक्स १०००’मध्ये लाल, हिरवा आणि निळा हे रंग लोलकाने वेगळे करून प्रत्येकासाठी स्वतंत्र सीसीडी ठेवला होता आणि ‘फायरवायर’ या तारेने चित्र थेट संगणकात नेता येत होते. एक तासाच्या कॅसेटला संगणकात सुमारे १३ गिगाबाइट जागा लागे, ही त्या दशकाच्या अखेरीस मोठी अडचण होती. तरीही मिक्सिंगची दोन यंत्रे जाऊन हळूहळू एक संगणक आला. डेन्मार्कच्या थॉमस विंटरबर्ग यांनी १९९८चा ‘फेस्टेन’ हा चित्रपट एका लहान हॅण्डीकॅमवर टिपला आणि तो कान महोत्सवात गौरवला गेला, तेव्हा घरगुती कॅमेऱ्याविषयीचा तुच्छभाव युरोपातही ओसरू लागला. महाराष्ट्रात मात्र डीव्हीवर टिपलेले लग्न गिऱ्हाइकाला दिले जाई ते व्हीसीडीवर, जिचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, म्हणजे मूळच्या पाव हिश्श्याचे. डीव्हीडी स्वस्त होईपर्यंत कॅमेऱ्याची सुधारणा पुन्हा एकदा शेवटच्या पायरीवर सांडत राहिली.

१ एप्रिल २००१पासून ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले आणि पावतीसह, हमीसह कॅमेरा घेणे सोपे होत गेले. याच काळात एक विपरीत गोष्ट घडली, जिच्याकडे त्या वेळच्या जाहिरातींनी गिऱ्हाइकाचे लक्ष जाऊ दिले नाही. कॅमेरे दरवर्षी स्वस्त होत होते, त्यांच्या खोक्यावरचे आकडे दरवर्षी फुगत होते, आणि स्वस्त गटातल्या कॅमेऱ्यांचे कमी उजेडातले चित्र मात्र आधीच्या वर्षांपेक्षा वाईट होत होते. कारण संवेदक, म्हणजे चित्र टिपणारी सिलिकॉन चकती, आकसत होता. एक-तृतीयांश इंची संवेदकाच्या जागी एक-षष्ठांश इंची संवेदक आला की त्याचे क्षेत्रफळ, आणि त्यावर पडणारा प्रकाश, पावपट होतो. डीव्हीच्या चित्राला जेमतेम ४ लाख १५ हजार बिंदू लागतात, तरीही दहा-वीस लाख बिंदूंची फुशारकी मारणारे कॅमेरे विकले जात. स्थिरचित्रासाठी कामास येणारे ते जादा बिंदू लहानशा चकतीवर दाटीने बसवल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला आणखी कमी उजेड येई. झूमचेही तसेच: भिंग पुढेमागे सरकून जवळचे दिसते ते खरे, तर शेकडो पटींचा ‘डिजिटल झूम’ म्हणजे टिपलेल्या चित्राचा मधला तुकडा ताणून मोठा करणे. जाणता शूटिंगवाला या दोन्ही आकड्यांकडे काणाडोळा करून संवेदकाचा आकार, भिंगाचा खरा झूम, बाहेरचा माइक लावण्याची सोय आणि फोकस हाताने फिरवता येणारे कडे पाहत असे, आणि त्याच पैशांत नवा लहान कॅमेरा घेण्यापेक्षा तीन सीसीडींचा जुना घेत असे.

उच्च विभेदनाचे चित्र त्याच मिनी-डीव्ही फितीवर बसवणारी एचडीव्ही पद्धत २००३मध्ये ठरली. तिच्यात प्रत्येक चित्र स्वतंत्र न नोंदवता डझनभर चित्रांचा गट करून त्यातील फरक तेवढे नोंदले जातात. साहजिकच फितीवर धुळीचा एक कण आला तर डीव्हीत एखाद्या चित्रात चौकोन उमटत, तेथे एचडीव्हीत जवळजवळ अर्धा सेकंद गळून पडे. शेवटचा ‘सावधान’ उच्चारला जाऊन अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी तो अर्धा सेकंद गळाला तर शूटिंगवाल्याचे उरलेले पैसे बुडण्याचीच शक्यता अधिक. सोनीने २००७मध्ये ‘एचव्हीआर-एचडी १०००’ हा कॅमेरा आणला, ज्याच्या पोटातील एकच संवेदक घरगुती हॅण्डीकॅमच्या धाटणीचा होता, पण बाह्यांग खांद्यावर घ्यायच्या मोठ्या कॅमेऱ्याचे होते. लग्नसमारंभाच्या बाजारपेठेने जपानी कारखान्याला घालायला लावलेला हा वेष होता.

कुटुंबांसाठीच्या कॅमकॉर्डरचा बाजार त्यानंतर झपाट्याने आटला. अमेरिकेत ‘फ्लिप’ हा खिशातला स्वस्त कॅमेरा २००७पासून भराभर खपला, सिस्कोने २००९मध्ये तो बनवणारी कंपनी सुमारे ५९ कोटी डॉलरला घेतली आणि एप्रिल २०११मध्ये, मोबाइल फोनच चित्रण करू लागल्यावर, ते उत्पादन बंद केले. दुसऱ्या बाजूने २००८पासून कॅनन ‘५डी मार्क २’सारखे स्थिरचित्राचे कॅमेरे मोठ्या संवेदकावर चलच्चित्र टिपू लागले, कमी उजेडातला त्यांचा दर्जा आणि धूसर पार्श्वभूमी यांपुढे पूर्वीचे सगळे स्वस्त कॅमकॉर्डर फिके पडले. तरीही मांडवातून कॅमकॉर्डर गेला नाही, आणि त्यामागे युरोपीय संघाच्या जकातीचाही हात होता. सलग तीस मिनिटे चित्रण करू शकणाऱ्या उपकरणाला तेथे व्हिडिओ कॅमेरा मानून जादा आयातशुल्क लावले जाई, म्हणून कंपन्यांनी आपले स्थिरचित्राचे अनेक कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबतील असे करून ठेवले. ‘५डी मार्क २’ तर फाइलच्या चार गिगाबाइटच्या मर्यादेमुळे बारा मिनिटांच्या आसपासच थांबे. कन्यादानापासून सप्तपदीपर्यंतचे विधी कोणासाठी थांबत नाहीत. त्यामुळे आजच्या लग्नाच्या दरपत्रकात ‘सिनेमॅटिक’ आणि ‘ट्रॅडिशनल’ अशा दोन नोंदी वेगळ्या असतात: पहिलीसाठी मोठ्या संवेदकाचा कॅमेरा घेऊन वेचक क्षण टिपणारा तरुण येतो, आणि दुसरीसाठी सोनीच्या एमसी २५००सारखा, मेमरी कार्डावर तासन्‌तास चालणारा, लहान संवेदकाचा पण खांद्यावर बसणारा कॅमेरा लावला जातो, ज्याचे सलग चित्रण घरातली वडीलधारी माणसे कोण कोण आले होते हे पाहण्यासाठी मागून घेतात.